फक्त मला दिसेल

(शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मधली सुट्टी. सकाळी प्यो जेसॉप सरांनी आपलं बुकमार्कांचं पान पडद्यावर दाखवून भाषण केलं होतं. पूर्वी त्यांच्याबरोबर एका बेटावरच्या शाळेत शिकवणाऱ्या यॉम सुकही बाईंनी त्यांना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं आहे.)

यॉम बाई : भाषणाचं कौतुक नंतर करते, सर. ते पान कधीचं, ते सांगा.

प्यो सर : आपलंच ते. मी बेट सोडताना ठरलं नव्हतं का? वर्गात कामाला येईल असं काही इंटरनेटवर सापडलं की बुकमार्क करायचं, आणि मुलांनी त्याचं काय केलं ते खाली एका ओळीत लिहायचं. तुमचं मी वाचायचं, माझं तुम्ही.

यॉम बाई : त्यावर या आठवड्याचीही नोंद होती.

प्यो सर : दर आठवड्याला लिहितो. तुम्ही थांबलात, तरीही.

यॉम बाई : मी थांबले? हा घ्या माझा फोन. उघडा तुमचं पान.

प्यो सर : हे तर रिकामं आहे.

यॉम बाई : तुमची बदली झाली तेव्हापासून रिकामंच आहे. वर्षभर मी माझ्या प्रत्येक नोंदीखाली विचारत होते, प्यो सर, तुम्ही काय केलं असतं? मग म्हटलं, पुरे. शहरातली मोठी शाळा मिळाली, आता बेटावरची बाई कशाला आठवेल.

प्यो सर : अहो, मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर लिहिलंय. माझ्या पानावर... थांबा. नव्या मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, मुलांबद्दलचं बाहेरच्यांना दिसू देऊ नका. म्हणून मी ‘फक्त मला दिसेल’वर खूण केली. वाटलं, तुम्ही थोड्याच बाहेरच्या आहात?

यॉम बाई : मी बाहेरची नाही, हे त्या वेबसाइटला कोण सांगणार होतं?

प्यो सर : माझ्या डोक्यातच आलं नाही.

यॉम बाई : लोका सांगे ब्रह्मज्ञान. आत्ताच सगळ्या हॉलला शिकवून आलात, एकमेकांचं वाचलं की शिक्षक वाढतो म्हणून.

प्यो सर : चिडा. हक्क आहे तुमचा.

यॉम बाई : चिडायचं वय गेलं. तुमच्यामागं मी एकटी, आणि शेवटी वर्गात एकच पोरगी, दाऊल. तिला अपूर्णांक शिकवायचे, तर वाटून घ्यायला दुसरं पोर नाही. कुणाला विचारू? सवयीनं तुमचं पान उघडायची.

प्यो सर : अपूर्णांकांचं लिहिलं होतं मी. भात गुंडाळायचा गिम घ्यायचा, शेवाळाचा तो पातळ कागद, आणि घडी घालून फाडायचा. खाली लिहिलं होतं, यॉम बाईंनी बेटावर करून बघावं.

यॉम बाई : बघितलं असतं हो.

प्यो सर : मग काय केलंत?

यॉम बाई : मीच दुसरं पोर झाले. तिच्याशेजारी बसले, अर्ध्या भाकरीवरून भांडले. हसून हसून शिकली.

प्यो सर : हे लिहायला हवं होतं तुम्ही.

यॉम बाई : कुणासाठी?

प्यो सर : माझ्यासाठी. आता माझ्या शाळेत एवढे शिक्षक आहेत, पण आजचा तास फसला असं सांगावं, असं कुणी नाही. तुमची फार आठवण यायची. सरळ फोन करायला हवा होता.

यॉम बाई : फोन मीही केला नाही. माझाही ताठा आड आला. गेल्या महिन्यात दाऊल पुढच्या शाळेत गेली, आणि आपल्या शाळेला कुलूप लागलं. मला आता शिक्षण कार्यालयात टेबल दिलंय. खिडकीजवळचं आहे, म्हणाले.

प्यो सर : शाळा बंद झाली, आणि मला कळलंही नाही.

यॉम बाई : ती खूण काढा आधी.

प्यो सर : काढली. आता दिसतंय?

यॉम बाई : दिसतंय. केवढं लिहून ठेवलंय हो.

प्यो सर : सत्र सुरू झालं वाटतं. चला, पुढच्या रांगेत जागा आहे.

यॉम बाई : तुम्ही व्हा पुढं. मी इथं बसून पहिल्यापासून वाचते, आणि एकेका नोंदीला उत्तर लिहिते. करून बघायला माझ्याकडं आता मूल नाही. तुमच्या वर्गात मुलं आहेत, तोवर लिहीन.