नादेय दाखल्यावरची सही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भैयाजी गहाणे, आपल्या शाखेचे व्यवस्थापक आदेश साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, बँकेचे सर्व कर्मचारी, नागभीड आणि आसपासच्या गावांतून आलेले खातेदार बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती वामनराव निकुरे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे वामनभाऊ. सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी नूतन खोब्रागडे, इथल्या शाळेत शिक्षिका. खातेदारांच्या वतीने दोन शब्द बोलावेत म्हणून मला बोलावलं. आदेश साहेब म्हणाले, "वामनभाऊंनीच तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, बाईलेच बोलवा, त्या चांगलं बोलतात." तेव्हापासून चार दिवस मला जेवण गेलं नाही. का, ते पुढे कळेल.

आधी त्यांच्याविषयी बोलते. एकतीस वर्षं एकाच खिडकीमागे बसणं सोपं आहे का? आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच, म्हाताऱ्या बायकांच्या स्लिपा ते स्वतः भरून देत. माझी पगाराची पहिली स्लिपही त्यांनीच भरली होती. मी नवीन होते, आकडा चुकला. ते हसून म्हणाले, "मास्तरीनबाई, पोरायले गणित तुमीच शिकवता ना?"

मंडळी, आजच्या निमंत्रणपत्रिकेत वामनभाऊंच्या नावाखाली 'लिपिक' असं छापलं आहे. एकतीस वर्षांनंतरही लिपिकच. आपल्यापैकी कुणाला प्रश्न पडला का? पडला असणार, कारण गावात त्याचं एक उत्तर फिरतं आहे. वामनरावांनी पैसे खाऊन कुणाला तरी खोटा दाखला दिला, म्हणून बढती गेली, असं म्हणतात. मी स्वतः शाळेच्या व्हरांड्यात हे ऐकलं आहे आणि ऐकून गप्प राहिले आहे.

तो दाखला माझा होता.

दोन हजार एकोणीसची गोष्ट. माझे पती मिथुन मोहर्लीच्या जंगलात सफारीची गाडी चालवत, दुसऱ्याची. स्वतःची जिप्सी घ्यावी हे त्यांचं स्वप्न. मी माझ्या पगाराच्या खात्यावर या बँकेतून ओव्हरड्राफ्ट घेतला. म्हणजे खात्यात नसलेले पैसेही ठरल्या मर्यादेपर्यंत काढता येतात, आणि पगार आला की बँक ते वळते करून घेते. जिप्सी आली, गाडीवाल्याची काही बाकी राहिली आणि बँकेचे एक लाख बेचाळीस हजार अंगावर होते. दर महिन्याला पगार येई आणि निम्मा तिथेच जाई.

तेवढ्यात दुसरी एक बँक शाळेत आली. आमच्याकडे पगार वळवा, व्याज कमी, जुनं देणं फेडायला आम्हीच कर्ज देतो, असं त्यांचं म्हणणं. फक्त जुन्या बँकेचा नादेय दाखला आधी हवा. म्हणजे या खात्यावर काही देणं बाकी नाही, असं लेखी. आता देणं तर बाकी होतं. दाखला मिळाल्याशिवाय कर्ज नाही, कर्जाशिवाय देणं फिटत नाही.

मी वामनभाऊंकडे गेले. तेव्हाचे साहेब रजेवर होते, सहीचा अधिकार आठवड्यापुरता भाऊंकडे होता. त्यांनी माझं खातं उघडून पाहिलं.

"बाई, हे नियमात बसत नाई."

"भाऊ, आठ दिवसांत पैसे आणून देते. कर्ज मंजूर झालंच आहे."

"तुमी माह्या पोरीले, दिव्यानीले शिकवलं. तुमच्यावर भरवसा नाई ठेवू तं कोणावर ठेवू?" असं म्हणून त्यांनी सही केली. चहासुद्धा घेतला नाही माझा.

सहाव्या दिवशी नव्या खात्यात पैसे आले. पूर्ण आले. हे वाक्य मी गेली काही वर्षं मनात रोज म्हणते, तोंडातून आज पहिल्यांदा निघालं.

त्याच संध्याकाळी मिथुन म्हणाले, "गाडीवाल्याले बाकी नाही देल्ली तं तो गाडी घेऊन जाते. डिसेंबरात पर्यटक येतेच. तवा भरून टाकू." मी नाही म्हणायला हवं होतं. खातं माझं होतं, शब्द माझा होता. मी पैसे काढून दिले.

डिसेंबरात गाडीचं इंजिन बसलं. मी बँकेसमोरून जाणं सोडलं, बाजाराला मागच्या गल्लीने जाऊ लागले. जानेवारीत वामनभाऊ शाळेच्या फाटकाशी आले. माठातलं पाणी प्यायले. म्हणाले, "बाई, साहेब विचारून राह्यले." मी म्हटलं, "कर्ज अडकलंय भाऊ." ते "बरं" म्हणाले आणि सायकल घेऊन परत गेले.

फेब्रुवारीत तपासणी झाली. भाऊ तीन महिने निलंबित. माझी बाकी त्यांनी स्वतः भरली, दिव्यानीच्या नर्सिंग कॉलेजसाठी ठेवलेली ठेव मोडून. अधिकारीपदाची बढती रद्द झाली. चौकशीत त्यांना विचारलं, बाईने फसवलं का? ते म्हणाले, "नाई, त्यायचं कर्जच झालं नाई." मार्चमध्ये कोरोनाने सगळं बंद झालं, जंगलाची फाटकंही. दिव्यानी नागपूरला गेली नाही. आज ती कापडाच्या दुकानात काम करते. ती समोरच बसली आहे.

भाऊ, उठू नका. हात जोडते, बसा. मला संपवू द्या.

दोन हजार बावीसला आम्ही जिप्सी विकली. मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी आशाबाई दारातच होत्या, मला पाहून आत गेल्या. भाऊंनी पैसे घेतले, व्याज परत माझ्या हातात ठेवलं. मग विचारलं, "बाई, एकच सांगा. तवा पैसे आले होते का?"

पाहा, त्यांनी मला किती सोपं करून दिलं होतं. होय किंवा नाही, एवढंच. मी म्हटलं, "नाही भाऊ. कर्ज शेवटी मिळालंच नाही."

त्यांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगितलं आणि त्या माणसाला आनंद झाला! ते आत वळून म्हणाले, "आयकलं का वो? मी सांगत नोहतो? बाई तशी नाई."

दोन वर्षं त्या नवरा-बायकोत हाच वाद चालला होता, हे मला तेव्हा कळलं. आशाबाई म्हणत, ती बाई खोटी आहे. भाऊ माझी बाजू घेत.

चौथ्या दिवशी आशाबाई शाळेत आल्या. हातात पिशवी, नव्या धानाचे पोहे. वर्गाबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरीनबाई, मी तुमच्याबद्दल लय वाईट बोलली. चूक झाली माही. मनात नका ठेवू."

आणि मी? मी पिशवी घेतली. म्हटलं, "असू द्या आशाबाई, होतं असं."

मी त्यांना माफ केलं, मंडळी.

पुढच्या वैशाखात आशाबाई गेल्या. मी मातीला गेले होते, मागे उभी राहिले आणि तशीच परतले. भाऊ, त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. तुम्ही घरात माझ्यासाठी ज्यांच्याशी भांडलात, त्या खऱ्या होत्या. त्यांना हे सांगायची वेळ मी घालवली. तुम्हाला आणि दिव्यानीला तरी कुजबुजीतून नव्हे, माझ्या तोंडून कळावं, म्हणून आज बोलले.

आदेश साहेब, या पाकिटात माझा सही केलेला जबाब आहे. सोबत नव्या बँकेच्या पासबुकाची प्रत, ज्यात पैसे आल्याची तारीख आहे. भाऊंच्या सेवापुस्तकात तो लावावा आणि त्यांची बढती व पेन्शन यांचा पुन्हा विचार व्हावा, असा अर्ज केला आहे. यातून माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मिथुन यांनाही मी सांगून आले आहे.

भैयाजी, आपण मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत. संयोजकांनी संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सर्वांची मी ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात असं बोलायला नको होतं, हेही मला कळतं. बोलण्याच्या ओघात एखादं नाव राहिलं असेल, शब्द वावगा गेला असेल, तर तेवढं आपण पोटात घालावं. बाकीचं मात्र कुणी पोटात घालू नये. वामनभाऊ, तुम्ही तर नाहीच.

मी खाली बसते.