सातवीचा वर्ग खाली आला

बसा, मायबाप. लेकरं मांडीवर घ्या, मागच्यांना थोडी जागा द्या. आज एकच विचारायचं आहे. एखाद्याला उचलून आपल्यापाशी वर आणावं, की आपणच त्याच्यापाशी खाली उतरावं? दया कशाला म्हणायचं आणि बरोबरी कशाला? लगेच माना डोलवू नका! साळोखे गुरुजींनाही वाटायचं, उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ऐका, मंडळी, त्यांचं काय झालं.

हिंगणखोरे नावाचं गाव. तिथं सातवीपर्यंतची शाळा, आणि निवृत्ती साळोखे मुख्याध्यापक. माणूस भला. शाळेत छडी ठेवली नाही — आणि घरीही नाही, कारण घरी ती कुणाच्या हाती गेली असती, हे विवाहितांना सांगायला नको! हसा, हसा. पुढं हसू यायचं नाही.

त्या शाळेत अनिसा मुलाणी म्हणून पोर होती. जन्मापासून पायांत बळ नाही. तीनचाकी सायकल हातानं फिरवत फाटकापर्यंत यायची, तिथून चाकाच्या खुर्चीवर. पाचवीपर्यंत सगळं ठीक. पण सहावी-सातवीचे वर्ग माडीवर. वीस पायऱ्या! मग गुरुजींनी काय केलं? ओंकार आणि सुजय अशी दोन दणकट पोरं नेमली. सकाळी अनिसाला खुर्चीसकट वर न्यायचं, सुटी झाली की खाली आणायचं. सव्वीस जानेवारीला गुरुजींनी दोघांना बक्षीस दिलं. टाळ्या झाल्या. अनिसाही वाजवत होती. गुरुजींचा ऊर भरून आला. तुमचा-आमचाही आला असता की नाही? खरं सांगा.

सहावी सरली, सातवी लागली. आणि दिवाळीनंतर पोर शाळेत येईना. दोन आठवडे झाले, तसे गुरुजी तिच्या घरी गेले. आई जैतुनबी शिलाईच्या मशिनवर, पोर भिंतीला टेकून बसलेली.

"गुरुजी, ती म्हणते, अभ्यास नको वाटतो."

"अनिसाला? गणितात तिच्यापुढं कोण आहे?"

जैतुनबीनं मशिन थांबवलं. लेकीकडं बघून म्हणाली, "तू सांगतेस का मी सांगू?" पोरीनं आईकडंच बोट दाखवलं. मग आईच बोलली. "तिला लघवीचा त्रास झालाय. डॉक्टर म्हणाले, पोर पाणीच पीत नाही. सकाळी दहापासून पाचपर्यंत एक घोट नाही, गुरुजी. संडास खाली, ही वर. पाणी प्यायलं तर खाली जावं लागणार, आणि त्यासाठी त्या पोरांना हाक मारावी लागणार. बारा वर्षांची झाली आता. कशाला जायचंय, हे भर वर्गात पोरांना कसं सांगायचं तिनं?"

गुरुजींनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. "अगं, मला सांगायचंस की बाळ."

अनिसा हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना बक्षीस दिलं होतं, गुरुजी. मग कसं सांगू?"

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींना इतकं लागलं नसतं! वाटेनं येताना त्यांच्या मनात एकच घोळत होतं. तिच्यासाठी आपण इतकं केलं, पण तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही. पोरं विचारून नेमली, बक्षीस विचारून आणलं — तिला सोडून सगळ्यांना विचारलं.

तसेच मागं वळले. दारातूनच म्हणाले, "अनिसा, माझं चुकलं. आता तू सांग, काय काय लागेल?"

पोरीला वाटलं, गुरुजी मन राखायला बोलतात. पण त्यांनी खिशातून कागद काढला, तशी ती सावरून बसली. "वर्ग खाली. संडासाचं दार रुंद, उंबरा नको, कडी हाताला येईल अशी. आणि मला एकटीला कडेला बसवू नका." जरा थांबून म्हणाली, "माझ्यामुळं झालं, असं पोरांना सांगू नका."

शाळा समितीची बैठक झाली. अध्यक्ष आबासाहेब कदमबांडे. माडीवरच्या वर्गाला फरशी आणि पंखे त्यांनीच दिलेले. ते म्हणाले, "एका पोरीसाठी एकतीस पोरं खालच्या कौलारू खोलीत उकडत बसवायची? तिला घरी शिकवायला एखादी बाई पाठवा."

"एकतीस पोरांना गरम होईल, आबासाहेब, तर ती पाणी पितील," गुरुजी म्हणाले. "ही पोर दीड वर्ष पाण्यावाचून बसली, आणि आपण टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या."

आबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पंखे काढून खाली लावायला एक दिवस लागेल. माणूस पाठवतो."

सगळं गोड झालं असं नाही हं. एका पालकानं पोराचा दाखला काढून नेला. गुरुजींनी तो सही करून दिला. पोरांना एवढंच सांगितलं — "वर्ग चुकीच्या जागी होता."

संडासाचं दार रुंद झालं, उंबरा निघाला, कडी खाली आली, आणि अनिसा आली. आठवा दिवस असेल. गुरुजी फळ्याकडं तोंड करून लिहीत होते, आणि मागं भांडण लागलं. अनिसा ओंकारला म्हणत होती, "तुझं उत्तर चूक आहे, आणि गटप्रमुख मी होणार. तू मागच्या महिन्यात झाला होतास." ओंकार म्हणाला, "मी नाही सोडणार." "मग मत घे सगळ्यांचं."

गुरुजींचा खडू थांबला. दीड वर्षात ही पोर कुणाशी कधी भांडली नव्हती. भांडणार कशी? ज्याच्या हातांच्या भरवशावर वर जायचं आणि खाली यायचं, त्याला चूक कोण म्हणेल? आज ती म्हणाली. गुरुजी वळले नाहीत. फळ्याकडं बघतच डोळे पुसले. भांडण त्यांचं त्यांनी मिटवलं. मत घेतलं, अनिसा तीन मतांनी हरली, आणि मधल्या सुटीपर्यंत ओंकारशी बोलली नाही. गुरुजी म्हणायचे, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस.

झालं, मायबाप. गुरुजींची गोष्ट संपली. आता आपल्याकडं या. आपण हे सगळे बसलोय कुठं? सभामंडपात. किती पायऱ्या चढून आलो? सतरा. जरा खाली पाराकडं बघा. काठी टेकून बसलेल्या आजी, चाकाच्या खुर्चीवरचे ते दादा — देव त्यांचाही, मग कीर्तन त्यांनी लांबून का ऐकायचं?

अरे, तुम्ही दोघं उठलात? उचलून आणायला? बसा बाळांनो. आधी खाली जाऊन विचारा, त्यांना कुठं बसायला आवडेल. आणि बाकीच्यांनी सतरंज्या उचला. पेटी घ्या, मृदंग घ्या. पुढचं भजन खाली होईल. चला, मी उतरतोय.