काकी गेली, त्याआधी पेव गेलं

मंडळी, मायबहिणींनो,

चावडीपुढं एवढी माणसं जमलीत, ती रखमाकाकीच्या शोकसभेला. रखमाकाकी माझी सख्खी चुलती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, पार सोलापूरच्या गिरणीत लागेपर्यंत. परवा ती गेली. डॉक्टर म्हणतात, हगवण. अहो, पोटात काही असेल तर हगवण! काकी भुकेनं गेली. पुन्हा सांगतो, भुकेनं गेली.

आपल्या गावाला पेव होतं. जमिनीतलं, तोंडावर दगड बसवलेलं. सुगीला घराघरातली ज्वारी त्यात पडायची. पावसानं दगा दिला की ते उघडायचं. पहिली पाटी, ज्या घरात कर्ता माणूस नाही त्या घराला. ही आपली रीत.

मग सरकारची नवी योजना आली. सगळं धान्य सरकारी गोदामात, गरिबाला स्वस्तात वाटप. ऐकायला किती गोड! तालुक्याचे साहेब पेव उपसायला माणसं घेऊन आले तेव्हा काकी त्या दगडावर जाऊन बसली. म्हणाली, "सायेब, पाऊस काय आमचा जावई न्हाय दरसाल यायला. ऱ्हाऊ द्या की थोडं."

साहेब हसले. म्हणाले, "आजीबाई, आता सरकार हेच तुमचं पेव."

तालुक्यानं ठरल्यापेक्षा जास्त धान्य दिलं म्हणून साहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

आणि पाऊस आला नाही. पुढच्या सालीही नाही. आपली ज्वारी सोलापुरात पडून होती. गोदामाबाहेरच्या पोत्यांना वळवाच्या एका सरीनं मोड आलेले मी या डोळ्यांनी पाहिले. वाटपाचं विचारलं, तर वरून हुकूम नाही. काकीसाठी पिशवीभर ज्वारी घेऊन एसटीनं निघालो, तर नाक्यावर ती काढून घेतली. म्हणे, धान्य न्यायचा परवाना कुठाय? माझ्या चुलतीला भाकरी द्यायला परवाना!

मला शिसारी येते, मंडळी. त्या हसण्याची शिसारी येते. आज तेच साहेब पुढच्या खुर्चीवर बसलेत, फुलांचं चक्र घेऊन. वरातीमागून घोडं!

काकीच्या गल्लीत आजही कितीक चुली थंड आहेत. चला, तिच्यासाठी आपण सगळे उभे राहू, गप्प राहू.

साहेब, तुम्ही मात्र गप्प राहू नका. आम्ही उभे आहोत. गोदामाचं कुलूप कधी काढताय, तेवढं सांगा.