जाणाऱ्याने एक पुस्तक द्यावे

समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या अध्यापक महाविद्यालयाच्या संचालकबाई बू विनार्सिह, जिल्हा शिक्षण कार्यालयातून मुद्दाम आलेले आणि मघापासून पिवळ्या भाताच्या ताटाकडे मुद्दाम न बघणारे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, आपले ग्रंथपालसर पाक मुजिओनो, माझे सहकारी, आणि हजेरी लागणार म्हणून आलेल्या माझ्या छात्राध्यापकांनो,

पाक मुजिओनोंबद्दल दोन शब्द बोला, असं बू विनार्सिह यांनी मला सांगितलं. चांगलेच बोला, असंही सांगितलं. शिस्त आणि निष्ठा. झाले दोन शब्द. आता थोडा वेळ उरलाच आहे, तर त्यांच्या कार्याकडे वळते.

पाक इथे रुजू झाले तेव्हा आपलं ग्रंथालय गरीब होतं. पुस्तकं घ्यायला सरकारकडून काही येत नव्हतं. तेव्हा पाकांनी एक नियम काढला आणि चौकट करून खिडकीवर टांगला: 'संस्था सोडून जाणाऱ्या प्रत्येकाने ग्रंथालयास एक पुस्तक द्यावे.' पुस्तक नाही, तर ग्रंथालयाचा ना-देय दाखला नाही. तो नाही, तर पदवीचं प्रमाणपत्र नाही. केवढी दूरदृष्टी! मुलं शिकून बाहेर पडणार आणि ग्रंथालय आपोआप वाढणार.

वाढलं हो, नाही कोण म्हणतं? फाटकासमोर बू तुमिनींचं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात पातळ असं एक पुस्तक त्या खास आपल्यासाठी ठेवतात. 'परसदारी मांगूर पालन', मासे पाळण्यावरचं. मुलं तिथून मांगूर घेतात, इथे देतात, दाखला नेतात. आज बालमानसशास्त्रावर आपल्याकडे एकच पुस्तक आहे, आणि तेही आधी वाळवीने वाचलंय. पण मांगूर? अख्ख्या जावा बेटात आपला हात कोण धरेल? मूल्यांकन समिती आली, तिने भरलेली कपाटं बाहेरून पाहिली आणि 'ग्रंथसंपदा समृद्ध' असा शेरा दिला. कपाटं उघडली नाहीत. किल्ल्या पाकांच्या कमरेला होत्या.

आमचे छात्राध्यापक तरी काय करणार? हाताला लागतं त्यावरच पाठाचं टाचण काढतात. गणिताच्या पाठात मांगूर, परिसर अभ्यासात मांगूर. परवा एका सराव पाठाला दुसरीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बू, आज तरी दुसरा मासा आणलाय का?" निरीक्षण वहीत मी लिहिलं, 'विद्यार्थी चौकस.'

आणि पाकांच्या राखणीबद्दल काय बोलावं! त्यांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक चोरीला गेलं नाही. मांगूरवरचं पुस्तक चोरणार कोण, हा प्रश्न वेगळा. पण एक सांगते, आणि हे खवचटपणे सांगत नाही. वादळात छप्पर उडालं तेव्हा हाच माणूस भिजत, एकटा, सगळी कपाटं कोपऱ्यात ओढत बसला होता. पुस्तकांवर त्यांचा जीव आहे. फक्त पुस्तक कशाला म्हणायचं, यावर आमचं जमत नाही.

आता तितिसबद्दल. ती बघा, शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलीय. तिची सराव शाळा वर डोंगरात, कॉफीच्या मळ्यांजवळ होती. तिथली मुलं घरी मादुरी बोलतात, पाठ्यपुस्तक इंडोनेशियन. पुस्तक उघडलं की वर्ग मुका. तितिसने मुलांनाच गोष्ट सांगायला लावली, त्यांच्याच बोलीत लिहिली, चित्रं त्यांच्याकडून काढून घेतली, दोऱ्याने शिवली. 'शाळेत रानमांजर आलं.' मी निरीक्षणाला गेले, तर मुलं ते पुस्तक एकमेकांच्या हातातून ओढत होती. वाचायला, बरं का!

तेच पुस्तक घेऊन ती दाखल्यासाठी पाकांच्या खिडकीशी गेली. मी मागेच उभी होते.

"प्रकाशक कोण?" पाकांनी विचारलं.

"मुलं, पाक."

"किंमत?"

"नाही लिहिलेली."

"मग ही वही झाली, पोरी. पुस्तक नाही."

"पण मुलं वाचतात, पाक!"

"मुलं भिंतीवरचंही वाचतात. उद्या भिंत आणशील इथे? जा, समोरून मांगूर घेऊन ये."

मीही तिला बाहेर तेच म्हटलं, "घे बाई एक मांगूर आणि मोकळी हो." तर म्हणते कशी, "बू, मी मुलांना सांगून आलेय, तुमचं पुस्तक मोठ्या कॉलेजच्या कपाटात राहणार. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

त्याच शाळेत तिची नेमणूक ठरली आहे. सोमवारी प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार. मला राग आला, पाक. अजून आहे.

पण नियम म्हणजे नियम. म्हणून तो चौकटीतला नियम मी पुन्हा नीट वाचला. 'संस्था सोडून जाणाऱ्या प्रत्येकाने.' विद्यार्थ्याने असं कुठेही म्हटलेलं नाही. आज संस्था कोण सोडून चाललंय? आणि पाक, तुम्ही पुस्तक दिलंत का?

हसू नका, गंभीर गोष्ट आहे. पुस्तक नाही तर दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय बू विनार्सिह निवृत्तीच्या कागदांवर सही करणार नाहीत. मी आधीच विचारून ठेवलंय.

घाबरू नका. तुमच्या वतीने आम्ही पुस्तक आणलंय. तितिस, ये वर. दोन्ही प्रती आण. दुसरी प्रत डोंगरावरच्या मुलांनी हाताने उतरवली आहे. एक तुमची, एक तिची. एकाच पुस्तकाच्या कितीही प्रती चालतात, ही तर तुमचीच परंपरा.

काय म्हणालात? सभागृहाला ऐकू आलं नाही, मी सांगते. पाक विचारतायत, किंमत कुठाय? पाक, हे पुस्तक नसेल तर उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला खिडकीत हजर व्हा. आम्हाला आनंदच आहे.

चाळताय? चाळा, सावकाश. रानमांजराच्या पाठीवर दप्तर आहे, ते बघा. हसलात! ग्रंथालयात हसणाऱ्याला तुम्ही बाहेर काढता, इथे हसलं तरी चालतं. आणि शिक्का शोधू नका, खिशातच असेल. लग्नालासुद्धा घेऊन जाता.

वाजला. मागे ऐकू आला ना? आता दुसऱ्या प्रतीवर. आणि हा तितिसचा दाखला. प्रमाणपत्र बू विनार्सिह यांच्याकडे सहीसकट तयार आहे.

पाक, तुमचे मनापासून आभार. आता तुम्हीही मोकळे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी भात निवू दिला, दोघांचेही आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. तिथे आता जागाही भरपूर असेल.

तितिस, अगं रडतेस काय? शेवटची गाडी निघेल. जा, आणि मुलांना सांग, कपाटात लागलं.