मदतीला पात्र झालेला जिना

खरं सांगू? नानाजींनी आपुलकीनं विचारलं, "बाई, जिना हालते ना चांगला?" तेव्हाच मला शंका आली. घाटंजीच्या शाळेत लागल्यापासून मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, पण लाकडी जिन्याबद्दल या घरमालकानं कधी चकार शब्द काढला नव्हता. आता नगरपालिकेची नोटीस आली होती: जिना धोक्याचा. शिवाय दुरुस्तीसाठी घरमालकालाच सरकारी मदत! भाडेकरूनं फक्त पडायचं. साहेब तपासणीला यायचे होते.

मी हलणारी पायरी सुतळीनं बांधली. नानाजींनी ती सोडली.

"कायले बांधता? साहेबाले दिसलं पाहिजे ना!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पायऱ्या स्वतः उपटल्या. तपासणीच्या सकाळी दार उघडलं आणि मी किंचाळलेच. जिना मदतीला इतका पात्र झाला होता, की एकही पायरी उरली नव्हती. तिकडे शाळेची घंटा झाली. पुन्हा उशीर झाला तर घरी बसा, अशी हेडमास्तरांची तंबी होती. खाली नानाजी साहेबांना कागद दाखवण्यात गुंग.

"अहो नानाजी, मी उतरू कशी?" तीनदा ओरडले.

शेवटी साहेबांनी मान वर केली. "बाई, मदत जिन्याच्या दुरुस्तीले आहे. जिना कुठं आहे?"