परसातला स्पीकर

घरोघरी स्पीकर बसवणं हा माझा धंदाच, पण रोह्याच्या रिबेकामावशींचं काम काही विसरता येत नाय. त्या एकट्या, मुलगा इस्रायलला. ओटीवर, स्वयंपाकघरात आणि परसात वेगवेगळी गाणी लागतील असं सामान त्यानंच पाठवलेलं. जोडणी झाल्यावर मी त्याला फोन करून म्हटलं, "परसातला तपासून बघ."

त्यानं तिकडून मोबाइलवरून हाक दिली, "आई गो, कुठं हायस?"

मावशी हातातलं पीठ तसंच ठेवून परसात धावल्या. मी मागोमाग गेलो.

"मावशी, तो स्पीकरमधून बोलला."

"व्हय, कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "परत एकदा हाक मार म्हणावं त्याला."

मी फोनवर खोटंच सांगितलं, "आवाज नीट येत नाय. परत बोल."