चकची चावी

आमी मूळ उमेळ्याचे. बापाची भातशेती होती, पन मला चिखल कधी जमला नाय, मी लागलो लेथवर, टर्नर म्हनून, आनि छत्तीस वर्सं लोखंडच सोललं. काय सांगू तुमाला, रिटायर झालो तेव्हा बायकोला म्हनालो, आता मशीनचं तोंड बघनार नाय, आनि महिन्याभरात परत तिथंच, जवळच्या एका वर्कशॉपात, नवीन लोकांना शिकवायला. बायको म्हनते, बाजारात जायला पाय दुखतात, तिथं बरे चालतात. दुखतात हो तिथंपन. कंबरपन दुखते.

पहिल्या दिवशी मी मशीन चालूच करत नाय, चावी दाखवतो. लेथचा चक असतो ना, लोखंडाचा तुकडा पकडून फिरनारा, तो या चावीने आवळायचा. चावी त्यात राहिली आनि बटन दाबलं की ती सुटते, समोर कोन उभं आहे ते बघत नाय. म्हनून चावी चकात असेस्तवर हात तिच्यावरून काढायचा नाय. माझ्या उस्तादाने हे कानफटात मारून शिकवलं, मी मारत नाय, शंभरदा बोलतो. लोक हसतात, काकांचं चावीपुरान चालू झालं.

सगळ्यात जास्त हसायची ती संगीता, विरारची, चाळिशीची, नवरा गेल्यावर काम शिकायला आलेली. मागच्या मंगळवारी तिलाच दाखवत होतो, बघ, असं आवळायचं, आनि बोलता बोलता हात काढला, चष्मा पुसला, बटनाकडं हात नेला. तिने मनगट धरलं माझं, घट्ट. म्हनाली, काका, चावी. बघतो तर चावी चकातच, आनि ही बाई बरोबर समोर उभी.

लाजेने मेलो हो मी. घरी येऊन जेवलो नाय, दुसऱ्या दिवशी गेलोच नाय. बायकोला म्हनालो, संपलं, या हाताचा आता भरवसा नाय. ती म्हनाली, शिकवायला हात कशाला, तोंड आहे की, ते कुठं दमलंय.

आता मी स्टुलावर बसून बोलतो फक्त. नवीन कोनी आलं की चावी संगीता दाखवते, शब्द सगळे माझेच. काल सवयीने उठून बटनाजवळ गेलो, तर सगळ्यांसमोर ओरडली, काका, हात मागे! घेतला मागे. राग नाय आला, खरंच दमलोय मी. म्हटलं, पोरी, अशीच ओरडत राहा, देव तुझी दाही बोटं शाबूत ठेवो.